त्याचं उत्तर मी दिलं

माझ्या पोराचं बोलणं मला कळतं आणि दुसऱ्या कुणाला कळत नाही, ह्याचा मला गर्व होता. खोटं कशाला बोलू? कुणा बाईला दागिन्यांचा असतो, कुणाला लेकाच्या नोकरीचा असतो, मला ह्याचा होता. दारात कुणी आलं आणि त्याला काही विचारलं, की तो मान वाकडी करून, सगळा जीव गोळा करून एक लांबलचक आवाज काढायचा. समोरचा माणूस लगेच माझ्याकडं बघायचा. मी सांगायचे, "पंखा बारीक करा म्हणतोय, गार लागतंय त्याला." माणूस तोंडात बोट घालायचा. "कमाल आहे बाई तुमची! तुम्हाला कसं काय समजतं हो?" मी वरवर म्हणायचे, आईला नाय समजणार तर कुणाला समजणार? आणि आतून फुगायचे.

तो जन्मला तेव्हा लवकर रडला नाही. मेंदूला हवा कमी पडली, असं डॉक्टर म्हणाले. हातपाय आणि जीभ त्याच्या ताब्यात राहणार नाहीत, पण डोकं शाबूत आहे, हेही म्हणाले. ते शेवटचं वाक्य मी पदराला गाठ मारून ठेवलं. नवरा चितेगावच्या कंपनीत पाळीवर जायचा, आला की जेवून झोपायचा, त्यामुळं पोराचं सगळं माझ्याकडं. रोशन गेटजवळ आमच्या दोन भाड्याच्या खोल्या होत्या. तिथंच मी ब्लाउज शिवायचे, पिको-फॉल करायचे. गल्लीतलं कुणी "येडं हाय बिचारं" म्हणलं, की मी मशीन सोडून बाहेर यायचे आणि त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करायचे. भांडखोर म्हणून माझं नाव झालं ते असंच. होऊ दे. येडा नव्हता तो. सातव्या वर्षी पेपर वाचत होता, मी नुसती पानं उलटायची.

एकदा अपंगांच्या शिबिरात त्याला तीनचाकी सायकल मिळाली. हातानं पायडल फिरवून चालवायची. ज्या पोराचा हात घास तोंडाकडं नेताना आधी कानाकडं जातो, त्याला हातानं चालवायची सायकल! मी म्हणलं, "साहेब, ह्याचे हात चालत नाहीत." साहेबांनी यादी बघितली. "बाई, इथं पाय लिहिलेत. फोटोला उभं राहा." राहिलो उभं. नंतर तीच सायकल मी मागून ढकलत त्याला शाळेत न्यायला लागले. शाळेच्या पहिल्या दिवशी कळलं, की दारात तीन पायऱ्या आहेत. सायकल बाहेर, पोरगा माझ्या कडेवर.

आठवीपर्यंत वर्ग खाली होता. नववी-दहावी वर. मी मुख्याध्यापक सरांना सांगितलं, ह्याचा एक वर्ग खाली घ्या. तीन अर्ज दिले. सर माणूस म्हणून चांगले, कधी आवाज चढवला नाही. म्हणाले, "बाई, खाली लहान पोरं बसतात. ती वर नेली आणि जिन्यावरून पडली तर? आणि तुम्ही उचलून नेताच ना, मग अडचण काय आहे?" मी नेत होते, म्हणून अडचण नव्हती. पंधरा वर्षांचा पोरगा पाठीवर घेऊन जिना चढताना माझ्या गुडघ्यातून आवाज यायचा. तो माझ्या कानाशी म्हणायचा, "आई, थांब जरा." तो थकलाय म्हणून नाही, मी थकले म्हणून. सकाळपासून तो पाण्याचा घोट घ्यायचा नाही. लघवीला लागली तर खाली कोण नेणार, म्हणून. उन्हाळ्यातसुद्धा.

आता मी जे सांगते ते सांगायला मला लाज वाटते. तो सातवीत असताना शाळेत एक तरुण बाई नव्यानं आल्या होत्या. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि एक पुठ्ठा दाखवला. त्यावर मोठ्या मोठ्या चौकटीत अक्षरं लिहिली होती. म्हणाल्या, "हा मूठ तर नेऊ शकतो ना पाहिजे तिथं? मुठीनं अक्षर दाखवू द्या. वेळ लागेल, पण मग त्याचं म्हणणं कुणालाही वाचता येईल." मला असा राग आला! मी म्हणलं, "माझा पोरगा मुका नाय, बोलतो तो." बाई म्हणाल्या, "बोलतो हो, पण तुम्ही नसताना?" मी म्हणलं, "मी कुठं जाणारे?" पुठ्ठा घरी आणला आणि कपाटामागं सरकवून दिला. वर्षभरात त्या बाईंची बदली झाली. पुठ्ठ्यावर नंतर मी ब्लाउजचं कटिंग काढलं.

माझ्याशिवाय आणखी एक जण त्याचं बोलणं समजायची, हे मला फार उशिरा कळलं. शेजारच्या भाभींची मुलगी. त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, उर्दू शाळेत जायची. मी कपडे द्यायला बाहेर गेले, की ही पोरगी येऊन उंबऱ्यावर बसायची आणि दोघांची क्रिकेटवरून भांडणं चालायची. एकदा मी लवकर परतले तर ही म्हणत होती, "चल हट, काहीपण बोलतो. वो कॅच नहीं था." आणि तो खिदळत होता. मी दारातच थांबले. मला आनंद व्हायला पाहिजे होता ना? मला हेवा वाटला. आत गेले आणि म्हणलं, "तो म्हणतोय की..." पोरगी म्हणाली, "समझ गया मावशी, मला कळलं."

दहावीचा फॉर्म आला. स्वतः लिहिता येत नसेल तर लेखनिक मिळतो. मुलानं सांगायचं, लेखनिकानं लिहायचं. पण लेखनिक एक वर्ग खालचा पाहिजे, आणि आई चालणार नाही. मी सरांशी भांडले, ऑफिसात जाऊन भांडले. आई का नाही? "आईच लिहिणार असेल तर आईलाच पास करू का?" असं एक क्लार्क म्हणाला आणि सगळे हसले.

पोराला पास व्हायचं होतं. नुसतं आम्हाला वाटत होतं असं नाही, त्याला. त्याच्याकडं एक कागद होता, अपंगत्वाचा, त्याच्यावर त्याचा तोंड वाकडं झालेला फोटो. तो म्हणायचा, "हा कागद सांगतो माझं काय चालत नाही. मला दुसरा कागद पाहिजे." डोकं शाबूत असल्याचा कागद. दहावी पास झालं म्हणजे कुणी येडा म्हणणार नाही, एवढं साधं गणित होतं त्याचं. त्यासाठी तो दिवसभर वाचायचा. इतिहास तर असा पाठ, की मधूनच विचारलं तरी सुरू.

शेजारची पोरगी तेव्हा नववीत होती. मी भाभींकडं गेले. भाभी म्हणाल्या, "अगो, इसकी मराठी कैसी होगी? उर्दू लिखती ये." पण पोरगी पुढं झाली. "मराठी विषय आहे ना अम्मी. मी लिहीन." मग चार महिने रोज दुपारी आमच्या खोलीत शाळा भरली. पहिल्या दिवशी तिनं अर्ध्या तासात चार ओळी लिहिल्या. तो वैतागायचा, ऱ्हस्व-दीर्घावरून तिला झापायचा. ती म्हणायची, "तू सांग ना नीट, सिर मत खा." मी मशीनवर बसून ऐकायचे. मधे बोलायची सवय जाता जात नव्हती. तो वाक्य सुरू करायचा आणि मी पूर्ण करायचे. शेवटी तोच ओरडला, "आई, तू गप." चार महिन्यांनी ती अशी लिहायला लागली, की त्याचा आवाज संपायच्या आधी तिचं पेन पुढच्या ओळीवर.

परवानगी मिळाली. परीक्षेचं केंद्र दुसऱ्या शाळेत आलं, तिथंही खोली वरच्या मजल्यावर. मी विचारलंही नाही, पाठीवर घेतलं आणि चढले. त्याला लागलंसवरलं तर, म्हणून मला व्हरांड्याच्या टोकाला बसायची सवलत मिळाली. दोघांना एक वेगळी छोटी खोली दिली होती. मराठी झाला, हिंदी झाला, इंग्रजी झाला, गणित झालं. दर पेपरला तो बाहेर आला की त्याचे डोळे हसत असायचे. पोरगी बोटं चोळत म्हणायची, "मावशी, आज पुरवणी घेतली." आम्ही तिघं येताना उसाचा रस प्यायचो. पेपर संपल्यावर त्याला पाणी चालायचं.

विज्ञानाच्या पेपरला भरारी पथक आलं. मी लांबून बघितलं, तीन माणसं, पुढं एक मॅडम. सगळ्या वर्गांतून फिरून ती छोट्या खोलीत गेली आणि बाहेर येईना. थोड्या वेळानं शिपाई मला बोलवायला आला. मी धावतच गेले.

आत पोरगी उभी होती, चेहरा पांढराफटक. पेपर मॅडमच्या हातात. मॅडम म्हणाल्या, "हा तर नुसता आवाज करतोय. आणि ही मुलगी पानंच्या पानं लिहितेय. हे काय चाललंय?" पोरगी म्हणाली, "मॅडम, तो सांगतो तेच लिहिते." "मला तर काही ऐकू आलं नाही." माझं पित्त खवळलं. पण मी ओठ दातांखाली धरून म्हणलं, "मॅडम, सवयीच्या माणसाला कळतं. त्यालाच विचारून बघा."

ती बाई वाईट नव्हती, हे मी आज म्हणते. तिनं खरंच विचारलं. खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली आणि पुस्तकातला सोपा प्रश्न घातला. "बाळ, हवेत सगळ्यात जास्त कोणता वायू असतो?"

त्याला येत होतं. पण घाबरला की त्याचं अंग आणखी आखडतं. मान मागं गेली, हात वर गेला, जीभ बाहेर आली, आणि आवाज निघेना. मॅडम वाट बघत होत्या. खरंच वाट बघत होत्या. सगळ्या खोलीत त्याच्या श्वासाचा आवाज. मग त्याच्या घशातून पहिला 'ना' निघाला, आणि माझ्या तोंडातून सरळ बाहेर पडलं, "नायट्रोजन. नायट्रोजन म्हणतोय तो."

देवाशपथ, मला कळलंसुद्धा नाही मी बोलले. पंधरा-सोळा वर्षं जे केलं तेच केलं.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. नंतर पोरीकडं. नंतर पेपर बंद केला. "उत्तर तुम्ही दिलंत, बाई," त्या म्हणाल्या. "त्यानं नाही." मी हातापाया पडले. म्हणलं, मी बाहेर जाते, पोरीला बाहेर काढा, परत विचारा. त्या म्हणाल्या, "पण मग मला कोण सांगणार तो काय म्हणाला ते?"  त्याच्या मुठीखाली एक पुठ्ठा असता तर त्यानंच सांगितलं असतं. माझ्या पोरानं माझ्याकडं एकदाच बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

पोरीला घरी पाठवलं. कारवाई नको म्हणून मॅडमनी कागदावर काही चढवलं नाही, तेवढे उपकार केले. उरलेल्या वेळासाठी आणि पुढच्या पेपरांसाठी त्याच शाळेतला नववीचा एक मुलगा लेखनिक म्हणून दिला. गुणी पोरगं होतं. कान देऊन ऐकायचं. "परत सांग ना रे," म्हणायचं. चार-पाच वेळा विचारून झालं की त्याला लाज वाटायची, मग 'हं' म्हणून काहीतरी लिहायचं. पर्यायाचे प्रश्न तेवढे जमले. तो मुलगा एक-एक पर्याय वाचायचा आणि माझा पोरगा मान हलवायचा. बाकी कोरं.

मधे सुट्टीचा एक दिवस होता. मी नवीन पुठ्ठा आणला, पाटीवर काढतात तशी मोठी अक्षरं काढली, त्याच्यापुढं धरली. मूठ 'क'वर न्यायची तर 'च'वर जायची, 'त'वर आपटायची. घामाघूम झाला. सातवीपासून सराव असता तर गोष्ट वेगळी. तरी मी तो पुठ्ठा घेऊन केंद्रावर गेले. केंद्रप्रमुख म्हणाले, "ह्याची वेगळी परवानगी लागते. अर्ज करा, पुढच्या वेळी बघू."

शेवटचे पेपर इतिहास-भूगोलाचे. इतिहासाच्या दिवशी मी व्हरांड्यात बसून त्याचा आवाज ऐकत होते. भिंतीपलीकडं तो बोलत होता आणि मला शब्द न् शब्द कळत होता. बंगालची फाळणी, कारणं, परिणाम, मुद्द्यामुद्द्यानं. तो एका दमात सांगत होता. आणि मधून मधून त्या पोराचा आवाज, "काय? परत?" मी पदर तोंडात कोंबून बसले. उठून आत गेले असते तर आईला बाहेर काढा म्हणाले असते, आणि तेच बरोबर ठरलं असतं.

वेळ संपला, वर तासाला वीस-वीस मिनिटं जादा देतात तीही संपली. मी त्याला पाठीवर घेतलं. घामानं चिंब झाला होता. जिना उतरताना माझ्या कानात म्हणाला, "मी सगळं सांगितलं."

रिक्षात बसलो. रिक्षावाले चाचा ओळखीचे नव्हते, पण बोलके होते. आरशातून त्याच्याकडं बघून म्हणाले, "क्यों बेटा, कैसा गया पेपर?" कुणी सरळ त्यालाच विचारायची वेळ क्वचित यायची. त्यानं उत्तर दिलं. "मी सगळं सांगितलं, त्याला लिहिता आलं नाही." चाचांनी नेहमीसारखं माझ्याकडं बघितलं.

मी म्हणलं, "चांगला गेला म्हणतोय."

त्याच्या जन्मापासून मी कधी त्याचं बोलणं चुकीचं सांगितलं नव्हतं. त्यानं तोंड बाहेर वळवलं. 

शेजारची पोरगी परत आमच्या उंबऱ्यावर बसली नाही. तिचे अब्बा माझ्या नवऱ्याला एवढंच म्हणाले, "भाईसाब, लडकी पे नकल का नाम आया. अब रहने दो." त्यांचं तरी काय चुकलं? भाभी ईदेला शीरखुर्मा द्यायला आल्या, पोरगी नाही आली. तो कधीकधी भिंतीकडं तोंड करून तिला हाक मारायचा. पलीकडून भांड्यांचा आवाज थांबायचा, मग पुन्हा सुरू व्हायचा.

निकालाच्या दिवशी त्याला सायकलवर बसवून मी शाळेत नेलं. मुख्याध्यापक सर खालीच व्हरांड्यात टेबल टाकून बसले होते, त्यामुळं जिना चढावा लागला नाही. मार्कशीट त्यांनी माझ्या हातात दिली. मी ती त्याच्यासमोर धरली. मराठी, हिंदी, इंग्रजी पास. गणित पास. मराठीत तर वर्गातल्या कितीतरी पोरांहून जास्त. विज्ञान नापास. इतिहास-भूगोल नापास.

"सर, इतिहास त्याला पाठ आहे हो," मी म्हणलं. "तुम्हाला माहितीये. अख्खं पुस्तक पाठ आहे."

सरांनी चष्मा काढून पुसला. "बाई, राग मानू नका," ते म्हणाले. "ती मुलगी होती तोवर पास, ती गेली आणि नापास. आता ह्याच्यावरून माणसानं काय समजायचं, तुम्हीच सांगा."

 जो कागद त्याला पाहिजे होता तो हातात होता, आणि तोच सांगत होता, की चार विषय त्या पोरीनं पास केले. मी, भांडखोर बाई, काय भांडणार होते? मार्क समोर होते.

तोच बोलला. मान ताठ करायचा प्रयत्न करत, सरांकडं बघत, सावकाश. "सर, ते मीच सांगितलं होतं. सगळे पेपर मीच सांगितले." सरांनी माझ्याकडं बघितलं. "काय म्हणतोय?" मी जसंच्या तसं सांगितलं. सर मायेनं हसले. "तुम्ही आई आहात, बाई. तुम्ही असंच सांगणार."

त्यानं पुन्हा तेच म्हणलं. घसा ताणून, जोरात. मागं रांगेत उभी असलेली पोरं आणि त्यांचे आईबाप माना उंच करून बघायला लागले. सर मान हलवत राहिले, हो हो, बरं बरं. मी पुन्हा तोंड उघडलं तर त्यानं आखडलेल्या हातानं माझ्या साडीवर आपटलं आणि म्हणाला, "घरी."

हा शब्द सरांना पहिल्या झटक्यात कळला.

"हां, हां," ते म्हणाले, "जा बाळा, जा घरी."